स्मरणार्थ

शाळेतल्या पंख्याला तीन पाती असतात आणि दान दिलेल्या पंख्यावरचा मजकूर त्याच हिशेबानं तीन तुकड्यांत लिहिलेला असतो. पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', तिसऱ्यावर देणाऱ्याचं नाव आणि गाव. लाल ऑइलपेंट, गावातल्याच पेंटरचं वळणदार अक्षर. पंखा बंद असतो तेव्हाच ते वाचता येतं. एप्रिल लागला, वऱ्हाडातलं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलं की पंखा फिरायला लागतो आणि त्या नावाचं एक फिकट लाल कडं होतं. खाली बसलेल्या पोरांना वारा लागतो. नाव कुणाचं होतं हे त्यांना ठाऊक नसतं.

'स्मरणार्थ' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात काय काय बांधलेलं आहे ते जाणवत नाही. कुणावर तरी माया होती. ते माणूस गेलं. मागे दुःख उरलं, आणि हातात थोडेफार पैसे होते. प्रेमाच्या जाडजूड कादंबऱ्या याच चार धाग्यांवर विणलेल्या असतात. नायिका जाते, श्रीमंत नायक खचतो, मग तिच्या नावानं दवाखाना उघडतो आणि शेवटच्या प्रकरणात वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं. कादंबरी तिथे संपते. मला कुतूहल आहे ते त्याच्या पुढच्या पानाचं. दुःखातून दिलेला पैसा नंतर काय करतो? देणारा गेल्यावर तो कुणाच्या हातात राहतो? आणि पन्नास-शंभर वर्षांनी त्या मायेचा उपयोग ज्याला होतो, त्याचं त्या गेलेल्या माणसाशी नातं काय?

अंजनगाव सुर्जीतून या प्रश्नाकडे पाहणं सोपं जातं. उत्तरेला गाविलगडाचे डोंगर, शहानूर नदी, पानमळे आणि पानपिंपरीचे वेल, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव एका तारखेपुरतं येतं : ३० डिसेंबर १८०३. असई, अडगाव आणि गाविलगड इथल्या लढायांनंतर दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथे. कुणी कुणाकडून कोणता मुलूख घेतला याचा तो कागद. पण गावात रोज उच्चारली जाणारी नावं ना शिंद्यांची आहेत ना इंग्रज सेनापती वेलस्लीची. ती बायकांची आहेत. इथलं महाविद्यालय श्रीमती राधाबाई सारडा यांच्या नावाचं, आणि सीताबाई संगई यांच्या नावानं चालणारी शिक्षणसंस्था. जिल्ह्याच्या गावी जा, अमरावतीत केशरबाई लाहोटी महाविद्यालय आहे. अकोल्यात सीताबाई कला महाविद्यालय आणि राधादेवी गोयनका महिला महाविद्यालय. 'राधाबाईत ॲडमिशन भेटली', असं पोरगी घरी येऊन सांगते तेव्हा ती एका बाईचं नाव घेते आहे याचं भान तिला नसतं, मलाही कित्येक वर्षं नव्हतं.

या नावांमागच्या घरगुती हकिकती त्या त्या घरांच्या आहेत, त्यांत मी शिरत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. त्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं नाव सातबाऱ्यावर नसे, दुकानाच्या पाटीवर नसे, पुष्कळदा लग्नानंतर माहेरचं नावही उरत नसे. त्यांतल्या काहींचं नाव आज दगडात कोरून फाटकावर आहे आणि त्याखालून हजारो मुली गेल्या आहेत.

हा पैसा आला कुठून, तर मुख्यतः कापसातून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची आठवण झाली. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात पोचली. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी नॅरोगेज 'शकुंतला' अंजनगावावरून जाई ती याच कापसासाठी. मुंबईत या व्यापारावर पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले आणि १८७८ साली उभ्या राहिलेल्या मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव लागलं : राजाबाई टॉवर. कापसाची गाठ, त्यातून पैसा, त्यातून आईचं किंवा बायकोचं नाव. वऱ्हाडातल्या पेढ्यांना हा रस्ता अनोळखी नव्हता. आणि हेही विसरू नये की त्याच कापसाच्या व्यवहारात कैक शेतकऱ्यांची वावरं सावकाराकडे गेली. त्यांतल्या एका घराची गोष्ट पुढे येणार आहे.

आपल्या परंपरेत या देण्याला जुना शब्द आहे, 'पूर्त'. यज्ञयाग ते 'इष्ट'. विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रं ते 'पूर्त'. यज्ञाचा अधिकार थोड्यांना होता, पूर्तकर्म मात्र शूद्रांनाही खुलं ठेवलेलं होतं. अहिल्याबाई होळकरांनी याच वाटेनं आयुष्य उभं केलं. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली नवरा गेला, १७६६ साली बापाच्या ठायी असलेले सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, देवळं, धर्मशाळा झाल्या. हा खर्च दौलतीच्या तिजोरीतून न करता त्यांनी आपल्या खासगीतून केला. माझ्या मते त्यांच्या दानातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. दुःख आपलं होतं, तर पैसाही आपलाच लागला पाहिजे, हा हिशेब त्यांच्याकडे पक्का होता.

आता एक खरी प्रेमकथा. हिचं शेवटचं प्रकरण परळला आहे.

जमशेटजी टाटांनी आपल्या थोरल्या मुलाला, दोराबजींना, म्हैसूरला कामानिमित्त पाठवलं तेव्हा तिथल्या भाभा कुटुंबाची भेट घ्यायला सांगितलं. होरमसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. जमशेटजींनी त्यांची मुलगी मेहेरबाई आधी पाहिली होती आणि बापाच्या मनात काय होतं ते मुलाला तिथे पोचल्यावर कळलं. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी लग्न झालं. दोराबजी ३८ वर्षांचे, मेहेरबाई १८ च्या. वयातलं अंतर आज डोळ्यांत भरतं, पण संसार बरोबरीचा झाला. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि चषक जिंकायच्या. घोड्यावर बसायच्या, मोटार चालवायच्या. बायकांच्या मताधिकारासाठी आणि शिक्षणासाठी बोलायच्या. बालविवाह रोखणारा जो कायदा १९२९ साली झाला, ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो, त्यासाठी त्यांनी लोकमत तयार केलं. अमेरिकेत बॅटल क्रीक या गावी १९२७ साली त्यांनी या प्रश्नावर भाषण केलं होतं.

दोराबजींनी बायकोला एक हिरा घेतला. ज्युबिली हिरा, २४५ कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याकडे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता आणि तिच्याबरोबर बायकोचे दागिने इंपिरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोटीचं कर्ज उभं केलं. तो हिराही त्यात होता. कारखाना वाचला, हिरा परत आला. घरातला दागिना गहाण टाकून पेरणी करणं वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावं लागत नाही. आकडे तेवढे वेगळे.

१९३१ साली मेहेरबाई आजारी पडल्या. रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. या आजारात हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी बेसुमार आणि अर्धवट अवस्थेत तयार होतात. त्या लढण्याच्या कामाच्या नसतात आणि जागा अडवून बसतात. मग लाल पेशी कमी पडून माणूस पांढरं पडतं, रक्त गोठवणाऱ्या कणिका कमी पडून रक्तस्राव होतो, साधा जंतुसंसर्गही झेपत नाही. त्या काळात हा आजार बरा करणारं औषधच नव्हतं. जगातल्या कुठल्याही डॉक्टरला गाठता येईल एवढा पैसा दोराबजींकडे होता आणि त्याचा काहीएक उपयोग झाला नाही. १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या रुथिन इथल्या रुग्णालयात मेहेरबाई गेल्या. त्यांना इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत ठेवलं.

मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षभरात दोराबजींनी जे केलं ते पाहिलं की घर आवरणाऱ्या माणसाची आठवण येते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती एका ट्रस्टच्या नावे केली आणि तो पैसा जात, धर्म, देश न पाहता खर्च व्हावा असं लिहून ठेवलं. हिराही त्यातच गेला. एप्रिलमध्ये मेहेरबाईंच्या नावानं दुसरा ट्रस्ट केला, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट, आणि त्याचं काम ठरवून दिलं : ल्युकेमियावरचं संशोधन, देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना मदत. मग ते युरोपला निघाले. बायकोच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, आपल्या भाषेत म्हणायचं तर, तिच्या थडग्यापाशी असावं म्हणून. तिथवर पोचले नाहीत. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगेन इथे त्यांना मृत्यू आला. ब्रुकवुडला ते तिच्या शेजारी आहेत.

बायको ज्या आजारानं गेली त्याच आजाराच्या संशोधनाला पैसे देणं, या निर्णयापाशी मी पुष्कळदा थांबतो. पुतळा करता आला असता, मनोरा बांधता आला असता. दोराबजींनी असं काम निवडलं की ज्याचं फळ दिसायला ते स्वतः असणार नव्हते हे त्यांना कळत होतं. औषधाचा पहिला किरण दिसायला आणखी सोळा वर्षं लागली. १९४८ साली अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन काही काळ का होईना आजार मागे हटवला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. आज मुलांमधल्या ल्युकेमियाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात योग्य उपचार वेळेवर मिळाले तर बहुसंख्य मुलं बरी होतात.

ट्रस्टच्या पैशातून परळला रुग्णालय उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. हिरा विकून आलेला पैसाही दानधर्मात गेला. १९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारकडे आलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, मेहेरबाईंच्या भावाचा मुलगा. आत्याच्या आठवणीतून उभी राहिलेली वास्तू भाच्याच्या खात्याकडे आली. हे कादंबरीत लिहिलं असतं तर वाचक म्हणाला असता, जरा जास्तच जुळवून आणलं.

मेहेरबाईंचं नाव मात्र तिथे कुणाच्या तोंडी नाही. आमच्याकडे म्हणतात, 'बाबाले टाटाले नेलं.' बस, तेवढंच.

आता शेंडगाव.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी मुलगा जन्मला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बापाच्या हातात चार पैसे होते ते दारूनं नेले आणि मग दारूनं बापालाही नेलं. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, मूर्तिजापूर तालुक्यात. डेबूजी मामाच्या वावरात राबला, गुरं राखली, नदीत पोहला, रात्री भजनात बसला. मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. मामाला अक्षर येत नव्हतं, कागदावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं. फसल्याचं कळलं तेव्हा मामानं हाय खाल्ली. न शिकलेल्या माणसाच्या घरात कागद कसा शिरतो हे त्या मुलानं जवळून पाहिलं. पुढे जन्मभर कीर्तनात 'पोराले शाळेत घाला, ताट मोडा पण शिकवा' अशा अर्थाचं तो सांगत राहिला ते त्या वावराच्या बांधावरून आलेलं आहे, असं मला वाटतं.

१८९२ साली लग्न झालं. कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांना वाटलं, रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत होईल. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले तरी बधला नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटेच्या आत तो घर सोडून निघून गेला. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरून पुढे जगानं नाव दिलं, गाडगेबाबा.

त्यांचं पहिलं बांधकाम पूर्णेच्या काठी ऋणमोचनला झालं. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठावर चिखल, म्हातारी माणसं घसरायची. गाडगेबाबा यात्रेच्या आधी येऊन वाट झाडत, उतार सपाट करत, पायऱ्या घालत. पुढे तिथे पक्का घाट झाला. गावाच्या नावाचा अर्थ कर्जातून सुटका. मामाची जमीन कर्जात गेलेल्या माणसानं त्या गावाच्या पायऱ्या बांधाव्यात, हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. मग पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशी रांग लागली. धर्मशाळा, अन्नछत्रं, गोरक्षणं, वसतिगृहं. लाखो रुपये जमा झाले, आणि ते त्या काळातले लाख. बाबा स्वतः भाकरीचा तुकडा मागून खात, बांधलेल्या धर्मशाळेत झोपत नसत. संस्थांचे विश्वस्त नेमले, हिशेब त्यांच्याकडे सोपवला आणि आपल्या रक्ताच्या माणसांचा तिथे हक्क लागू नये याची काळजी घेतली. कुंताबाई झोपडीतच राहिल्या.

इथे मला अडखळायला होतं. बाबांच्या चरित्रात कुंताबाई फार थोड्या ओळींत येतात. चिंध्या नेसलेल्या नवऱ्याच्या त्यागाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं, पण तो निघून गेल्यावर चूल कुणी पेटवली, लेकरं कुणी वाढवली, सासूला कुणी सांभाळलं? नवरा राज्यभर लोकांसाठी छप्परं उभी करतोय आणि आपल्या डोक्यावर कुडाची झोपडी आहे, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं. या दानात तिचा वाटा बाबांच्याइतकाच आहे. तो तिनं आपणहून दिला होता का, हे तिला कुणी विचारलं नाही. दात्याच्या बायकोनं दिलेलं दान पावतीवर येत नाही.

आणि दुःख. १९२३ च्या मे महिन्यात त्यांचा मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात, खारेपाटणला कीर्तन करत होते. बातमी कीर्तन चालू असतानाच पोचली. त्यांनी ती ऐकली, अशी कोट्यवधी माणसं जातात, एकासाठी किती रडायचं, अशा अर्थाचे शब्द बोलले आणि कीर्तन पुढे नेलं. हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघर सांगितला जातो, बहुतेक वेळा वैराग्याचा दाखला म्हणून. मला त्यात बाप दिसतो. एका मुलासाठी रडायला बसलो तर उठणार नाही, हे ओळखलेला बाप. दोराबजींनी आपलं दुःख एका नावापाशी धरून ठेवलं आणि त्या नावाचा ट्रस्ट केला. गाडगेबाबांनी ते नाव मोठ्यानं घेतलंही नाही. गोविंदाच्या नावाचा घाट नाही, गोविंदाच्या नावाची धर्मशाळा नाही. पण त्यानंतरची तेहेतीस वर्षं त्यांनी लोकांची लेकरं शाळेत घालायला, आजाऱ्याला औषध आणि उघड्याला वस्त्र मिळवून द्यायला घालवली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी तर आहेच. त्यात गरीब तरुण-तरुणींचं लग्न लावून देणंही आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणंही. हिंमत देणं हे कर्तव्यांच्या यादीत घालावंसं वाटलं ते खारेपाटणच्या रात्रीशिवाय वाटलं असतं का, कोण जाणे.

परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर कोवळ्या वयात घर सोडून बाहेर पडले आणि काही काळ गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. पुढे मोठे कादंबरीकार झाल्यावर त्यांनी बाबांवर पुस्तक लिहिलं. वऱ्हाडच्या एका मुलानं वऱ्हाडच्या या माणसाला जवळून पाहून लिहिलं, हे आमचं भाग्य.

बाबांचा दानाविषयीचा एक निर्णय फार मोठा आहे. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना राहायला जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बांधलेली वास्तू, जमलेली वर्दळ, सगळं उचलून दुसऱ्याच्या हाती, कारण त्या माणसांसाठी पुढे काय करायचं हे बाबासाहेबांना जास्त कळतं असं त्यांना वाटलं. दिलेल्या वस्तूवरचा हात काढून घेणं पैसे देण्याहून अवघड असतं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी प्राण सोडला.

पैसा माणसापेक्षा जास्त जगावा यासाठी काय करावं लागतं, हे शेतकऱ्याच्या भाषेत सोपं आहे : बियाणं खायचं नसतं. ट्रस्टच्या हिशेबात त्याला कायम निधी म्हणतात. मूळ रक्कम बँकेत राहते, तिच्या व्याजातून बक्षिसं, शिष्यवृत्त्या, औषधं. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं असा प्रत्येक न्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, आणि आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासाची जमीन विकता येत नाही. समजा, एखाद्यानं आजोबांच्या नावानं प्रवाशांच्या घोड्यांसाठी पाणी ठेवायला पैसे दिले आणि आता घोडेच राहिले नाहीत. मग न्यायालय त्या पैशाला मूळ हेतूच्या जास्तीत जास्त जवळचं काम नेमून देऊ शकतं. देणाऱ्याची इच्छा मोडू नये आणि पैसाही कुजू नये, असा हा मार्ग आहे. नोंदलेल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजनाही याच कायद्याच्या आधारानं चालते. खेड्यातून आलेल्या पेशंटला हे बहुधा माहीत नसतं. माहीत असेल तर त्यानं रुग्णालयात गेल्या गेल्या समाजसेवकाच्या टेबलापाशी जाऊन विचारावं, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा.

घरगुती पातळीवरही काही बदलतं आहे. गाडगेबाबा कीर्तनातून सांगायचे की मेलेल्यामागं कर्ज काढून जेवणावळी घालू नका. वऱ्हाडात तेरवीला गाव जेवलं पाहिजे हा दबाव अजून आहे, पण तेरवी घरापुरती करून उरलेले पैसे शाळेला देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातूनच पंखा येतो, पाण्याची टाकी येते, बाकं येतात.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची एक धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे अल्प दरात उतरतात. किमोचं एक चक्र झालं की पुढच्या चक्रापर्यंत थांबायचं असतं, रेडिएशन तर आठवड्यातून पाच दिवस, कैक आठवडे. मुंबईत तेवढे दिवस खोली घेऊन राहणं कापूस पिकवणाऱ्या घराला परवडत नाही. उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा औषधाच्या किमतीपेक्षा मुक्कामाच्या खर्चापायी. म्हणून रुग्णालयाइतकंच हे छप्परही उपचाराचा भाग आहे. बायको गेल्याच्या दुःखातून निघालेला पैसा परळला आणि शेंडगावच्या माणसाच्या नावाचं छप्पर दादरला. मध्ये लोकलच्या एका स्टेशनाचं अंतर. दोराबजी आणि गाडगेबाबा एकमेकांना कधी भेटल्याचं ऐकिवात नाही. त्यांची भेट रोज घडवतो तो पेशंट.

तो अंजनगावहून निघतो तेव्हा दुपार असते. एसटीनं अमरावती किंवा अकोला, संध्याकाळी मुंबईची गाडी, रात्रभर खिडकीशी टेकून. बायकोच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात स्थानिक डॉक्टरची चिठ्ठी, सोनोग्राफी, बायोप्सीच्या काचेच्या पट्ट्या रुमालात गुंडाळलेल्या. डब्यात भाकरी आणि ठेचा, पण त्याचं तोंड उघडत नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळे भिजवलेले दूध-पोहे. गालाच्या आतली जखम तंबाखूच्या खर्ऱ्याची आहे हे दोघांनाही माहीत आहे आणि प्रवासात त्यावर कुणी बोललेलं नाही. पहाटे दादरला उतरतात. पुलावर माणसांचा लोंढा. तिनं एका हातानं फाईल छातीशी धरली आहे, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही. जिन्याच्या कडेला उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांतला एक चेहरा निवडते आणि विचारते, "भाऊ, परळले कोणती गाडी जाते?"